शिबिर उठल्यानंतर

सुगी आटोपली की खेडोपाडी मोफत आरोग्य शिबिरांचा हंगाम सुरू होतो. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, शहरातून डॉक्टरांची मोटार येते, महाविद्यालयातील मुले नावनोंदणीच्या टेबलाशी बसतात आणि तीनचारशे रुग्ण तपासल्याची वार्ता सायंकाळी वृत्तपत्रांकडे रवाना होते. या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सुट्टीचा दिवस खर्ची घालून आणि प्रसंगी पदरमोड करून जो खेड्यात जातो, तो घरी स्वस्थ बसणाऱ्यापेक्षा केव्हाही श्रेष्ठच. तथापि हेतू शुद्ध असला म्हणजे फळही आपोआप हाती येते असे नाही. शिबिराचे मोल रुग्णांच्या संख्येवर ठरवावयाचे, की शिबिर उठल्यानंतर गावात काय उरले यावर, हा खरा प्रश्न आहे.

काही व्याधी अशा आहेत की ज्यांवर शिबिर हा उत्तम उपाय ठरतो. मोतीबिंदूचे रुग्ण हेरावेत, त्यांना रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करावी, म्हणजे गेलेली दृष्टी परत येते. परंतु आज खेड्यांतही बळावलेले रक्तदाब व मधुमेह हे विकार एका दिवसात हटणारे नव्हेत. त्यांची औषधे बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिने चालतो. अशा रुग्णाच्या हाती पंधरा दिवसांच्या गोळ्या ठेवून आपण निघून आलो, तर सोळाव्या दिवशी त्याने काय करावे? गोळ्या संपल्या म्हणजे रोगही संपला, अशी त्याची समजूत झाली तर दोष त्याचा नव्हे.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. म्हणजे ‘मोफत’ हे काही आता शिबिराचेच वैशिष्ट्य राहिलेले नाही. असे असूनही मांडवात गर्दी होते, कारण मोफत औषधही गरिबाला महाग पडते. तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, एस. टी.चे भाडे पडते, सोबतीला आणखी एक माणूस लागतो. आणि इतके करून खिडकीपाशी ‘औषध शिल्लक नाही’ हे उत्तर मिळण्याची धास्ती असतेच. शिबिर हे सारे अंतर एका दिवसापुरते पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी ते जसेच्या तसे उभे असते.

हे अंतर कायमचे कसे तोडावे, याचे उत्तर महाराष्ट्रानेच देशाला दिले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. केवळ दवाखाना उघडून भागणार नाही हे ओळखून त्यांनी गावोगावच्या, बहुतांशी अल्पशिक्षित वा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हाच विचार शास्त्राच्या कसोटीला लावला. गावातील प्रशिक्षित स्त्रीने नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेतली, तेव्हा ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ठिकाणी डॉक्टर होते, रुग्णालयही होते. परंतु रात्री-अपरात्री जिचे दार ठोठावता येईल अशी बाई गावातच होती, हे यशाचे मर्म होय.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली ‘आशा’ नेमल्या, त्यामागे याच अनुभवांचे बळ होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही आशांचा गौरव केला. मात्र त्यांच्या नावापुढील ‘स्वयंसेविका’ या शब्दात मोठा विपर्यास दडला आहे. वर्षातून एकदा खेड्यात जाणारा शहरी स्वयंसेवक सत्काराचा धनी होतो. वर्षभर घरोघर फिरणारी बाई स्वयंसेविका म्हणवली जाते आणि त्याच नावाखाली कर्मचाऱ्याचा दर्जा व निश्चित वेतन तिला नाकारले जाते. मानधनासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२१ व २०२३ साली संप करावा लागला. सेवाभाव हा स्वेच्छेने पत्करावयाचा असतो. तो दुसऱ्याच्या पगारातून कापून घ्यावयाचा नसतो.

मग शहरातील सुशिक्षितांनी खेड्यात जाऊच नये काय? अवश्य जावे; पण दहा गावांत एकेकदा जाण्यापेक्षा एका गावात दहा वेळा जावे. मांडव घालण्यापूर्वी आशाताईंना आणि उपकेंद्राच्या परिचारिकेला विचारावे, तपासलेल्या रुग्णांची यादी त्यांच्या स्वाधीन करावी आणि पुढच्या महिन्यात त्या यादीतील किती जणांचे औषध चालू आहे ते पाहावे. यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. नोंदवही नीट ठेवणे हे विद्यार्थ्याला जमते. औषध का सोडू नये हे शिक्षक समजावून सांगू शकतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे जुळवून देणे हे कारकुनाच्या हातचे काम आहे. उपकेंद्रात औषध का नाही, असा लेखी प्रश्न तर कोणीही नागरिक विचारू शकतो. त्याचे छायाचित्र कोठे छापून येणार नाही; परंतु त्या पत्राने उपकेंद्रात गोळ्या पोहोचल्या, तर शिबिराच्या मांडवात होणारी गर्दी आपोआप ओसरू लागेल. ती ओसरावी, हेच तर शिबिर भरविणाऱ्यांचे उद्दिष्ट असावयास हवे.