माथेरानची सहल आणि हातरिक्षा

मुलाबाळांना घेऊन डोंगरावर जायचे म्हटले, तर मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला माथेरानसारखे दुसरे ठिकाण नाही. महाबळेश्वर आहे, लोणावळा आहे; पण तेथे मूल रस्त्यावर आले की आईचा हात आपोआप पुढे जातो, कारण मागून मोटार येत असते. माथेरानला दस्तुरीच्या नाक्यावर मोटार थांबते आणि पुढे लाल मातीची वाट सुरू होते. ज्या वाटेवर सहा वर्षांच्या मुलाला मोकळे सोडता येते, अशी वाट आज महाराष्ट्रात किती ठिकाणी उरली आहे? सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे पठार, डोक्यावर जांभळी-अंजनीची दाट सावली, कड्याच्या टोकाशी गेले की समोर प्रबळगड, आणि संध्याकाळी पायांना चिकटलेली ती लाल धूळ. मुलांना ही धूळ कोणत्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा अधिक काळ आठवते.

हे ठिकाण मोटारीविना राहिले हा योगायोग नव्हे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली येथे चढून आला, गव्हर्नर एल्फिन्स्टनने येथे गोऱ्या साहेबांच्या उन्हाळ्याची सोय केली, आणि पीरभॉय घराण्याने १९०७ साली नेरळपासून २१ किलोमीटरांची चिमुकली रेल्वे वर नेली. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, त्याचे बंगले राहिले आणि वाहनबंदीही राहिली. पुढे २००३ साली केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवून या बंदीस अधिक भक्कम आधार दिला. हे सारे इष्टच झाले. पण पालखी-डोलीतून जाणाऱ्या साहेबाची सवयही आपण बंगल्यांबरोबर वारशाने घेतली, हे मात्र आपण सहसा बोलत नाही. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतची वाट दोन-अडीच किलोमीटरांची. ती चालवत नसेल तर घोडा, आणि घोड्याची भीती वाटत असेल तर माणूस. पुढे एक जण दांडे धरून ओढणार, मागून एक-दोघे ढकलणार, आणि गादीवर बसलेले कुटुंब वनश्रीचा आनंद लुटणार. अशा ९४ परवानाधारक हातरिक्षांची नोंद २०२५ साली न्यायालयापुढे होती.

सहलीचा विचार करताना एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. सहल ही श्रीमंतांची मिरास होती, ती सर्वसामान्यांची झाली, ती कामगार चळवळीमुळे. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगार संघटित केले तेव्हा. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑन ब्लूम यांचे पॉप्युलर फ्रंट सरकार आले. संपकरी कामगारांच्या रेट्यामुळे वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि लिओ लाग्रांज यांनी रेल्वेची सवलतीची तिकिटे मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात अनेक कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र आणि डोंगर पाहिले. म्हणजे रविवारच्या गाडीने नेरळला उतरणारे आजचे कारकुनाचे, शिक्षकाचे, कामगाराचे कुटुंब हे एका दीर्घ लढ्याचे फळ चाखत असते. आणि नेमक्या त्याच रविवारी हातरिक्षा ओढणाऱ्याचे काम सर्वांत अधिक असते. एका श्रमिकाची सुटी दुसऱ्या श्रमिकाच्या फुप्फुसांवर उभी राहावी, ही व्यवस्था समाजवादी म्हणविणाऱ्यांनी तरी मुकाट्याने पाहू नये.

यावर ठराविक उत्तर असे की, ‘बसलो नाही तर त्याची चूल कशी पेटणार?’ हे उत्तर करुणेचा वेष घेऊन येते, म्हणून ते अधिक तपासून पाहिले पाहिजे. ज्याला दुसरे कोणतेही काम उपलब्ध नाही, त्याने स्वीकारलेल्या कामाला स्वेच्छेचे काम म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच, एशियाड प्रकल्पांवरील मजुरांच्या खटल्यात, दारिद्र्याच्या सक्तीलाही सक्तीच मानले आहे. तरीही या प्रश्नात तथ्यांश आहे हे नाकारून चालणार नाही. हातरिक्षा नुसती बंद केली आणि पुढे काही केले नाही, तर ओढणाऱ्याच्या वाट्याला प्रतिष्ठा येणार नाही, उपास येईल. शहरी सहृदयतेला याचा विसर फार लवकर पडतो.

दुसरे उत्तर वृद्धांचे. आजीला चालवत नाही, बाळ कडेवर आहे, कुणाचा पाय अधू आहे. त्यांनी डोंगर पाहूच नये काय? अवश्य पाहावा. उलट सहल कुटुंबाची असेल तर ती सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने आखली पाहिजे. येथील शाळकरी मुले आणि आजारी माणसे यांचाही प्रश्न हाच आहे. पाहुणा दोन दिवसांनी उतरून जातो, त्यांना ही वाट बारमाही तुडवावी लागते. म्हणूनच विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षेची मागणी खुद्द हातरिक्षा ओढणाऱ्यांतून पुढे आली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. न्यायालयाने २०२२ साली प्रयोगाला परवानगी दिली. त्यानंतर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला, ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास शासनाला सांगितले आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही असेही बजावले.

या निकालात १९८० सालच्या एका खटल्याचे स्मरण केलेले आहे, आणि आपल्या दृष्टीने खरा धडा त्यातच आहे. पंजाब सरकारने १९७५ साली कायदा केला की, जो सायकलरिक्षा स्वतः चालवतो, त्यालाच तिचा परवाना मिळेल. मालकाचे शोषण थांबावे हा हेतू उत्तम. परंतु अमृतसरच्या भाड्याने रिक्षा चालवणाऱ्यांकडे रिक्षा घ्यायला पैसाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या कल्याणाचा कायदा त्यांच्याच पोटावर आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द केला नाही आणि रिक्षावाल्यांना वाऱ्यावरही सोडले नाही; बँकेच्या कर्जातून चालक स्वतःच मालक होईल अशी योजना त्यांनी निकालातच घालून दिली. माथेरानला नेमके हेच हवे. ई-रिक्षा एखाद्या ठेकेदाराच्या हाती गेल्या आणि कालचा ओढणारा आज त्याचा रोजंदार चालक झाला, तर त्याच्या छातीवरचा भार हलका होईल, मानेवरचे जू मात्र तसेच राहील. न्यायालयाने शासनाला गुजरातेतील केवडियाच्या नमुन्याचा, म्हणजे रिक्षा विकत घेऊन त्या चालकांना भाड्याने देण्याचा, विचार करण्यास सुचविले आहे. प्रारंभापुरते ते ठीक आहे. तथापि भाडे भरता भरता काही वर्षांत गाडी चालकाच्या नावावर झाली पाहिजे, किंवा परवानाधारकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची झाली पाहिजे.

घोडेवाल्यांचा विरोध आहे, तो हेटाळण्यासारखा नाही. त्यांचेही संसार त्याच वाटेवर चालतात. आज ई-रिक्षा आली, उद्या तिच्यामागून मोटार येईल, ही त्यांची भीती निव्वळ स्वार्थाची म्हणता येणार नाही. माथेरानवर प्रेम करणाऱ्या अनेकांची ती भीती आहे. म्हणून ई-रिक्षांची संख्या बांधलेली असावी, त्यांचा मार्ग बांधलेला असावा, आणि कड्यांकडे जाणाऱ्या आतल्या वाटा पाय आणि टापा यांच्याकडेच राहाव्यात. दस्तुरीवर डोक्यावर बॅगा घेऊन वर चढणाऱ्या बाया मात्र या साऱ्या वादात कोणाच्याच हिशेबात नाहीत. पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांतली माणसे मोळी, दूध, करवंदे-जांभळे डोक्यावर घेऊन हा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या चढत आली आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणी कधी निसर्गसौंदर्याची भाषा वापरली नाही. उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी स्त्रियांना व इतर गरजूंना देता येतील असे निकालात म्हटले आहे; ते कागदावर राहू नये याची दक्षता स्थानिक कार्यकर्त्यांनी घेतली पाहिजे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून ओझी वाहणाऱ्यांच्या मजुरीला व भविष्याला देशात प्रथम कायद्याचे संरक्षण दिले. त्याच राज्यातल्या डोंगरावर, बॅगेच्या आकाराकडे पाहून, दर वेळी नव्याने घासाघीस व्हावी हे लाजिरवाणे आहे.

आणि रेल्वे? अमन लॉज ते माथेरान धावणारी शटल ही खरे तर गरीब प्रवाशाची ई-रिक्षाच आहे. तिच्या फेऱ्या वाढवाव्यात आणि गर्दीच्या दिवसांत डबे वाढवावेत, ही मागणी प्रवासी संघटनांनी व कामगार संघटनांनी एकत्र लावून धरायला हवी. ई-रिक्षेचे दर नगरपरिषदेने ठरवून नाक्यावर ठळक अक्षरांत लावावेत. वृद्ध, अपंग आणि शाळकरी मुले यांना अग्रक्रम असावा, धडधाकटांनी चालावे. पाळ्या लावताना प्रत्येक चालकाच्या वाट्याला आठवड्यातून एक पूर्ण सुटी येईल, आणि महिन्यातून निदान एकदा ती रविवारी येईल, अशी व्यवस्था योजनेच्या पहिल्याच मसुद्यात लिहून घ्यावी.