पंचायतीच्या दारात थांबलेली तार

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरच्या तारेने जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. खर्च वीस हजार कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षे, असा तेव्हाचा हिशेब होता. पुढे सरकार बदलले, २०१५ साली योजनेचे 'भारतनेट' असे नवे बारसे झाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्या एक लाख पंचायती जोडल्याचे जाहीर करण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र सुधारित योजनेसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर करावे लागले. कामाची व्याप्ती वाढली हे खरेच. परंतु आकडा एवढा फुगण्यामागे मूळ आराखड्यातले एक व्यंगही आहे.

२०११ चा विचार तार टाकण्याचा होता, ती चालू ठेवण्याचा नव्हता. तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली तार सरळ रेषेत गावोगाव नेली गेली. रस्त्याच्या खोदकामात जेसीबीने ती एके ठिकाणी तोडली की पुढची सगळी गावे मुकी होत. कुठे वीज नसे, कुठे यंत्राची बॅटरी उतरलेली असे. सरकारी तक्त्यात मात्र अशी पंचायत 'सेवासज्ज' म्हणूनच झळकत असे. रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी आणि दहा वर्षांची देखभाल या गोष्टी २०२३ च्या योजनेत आल्या. बारा वर्षांनी सुचलेल्या या शहाणपणाचे स्वागतच केले पाहिजे. तथापि हे काम ज्या भारत ब्रॉडबँड कंपनीकडे सोपवले होते ती सरकारचीच होती, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी नजरेआड करू नये. मालकी सार्वजनिक असली की उत्तरदायित्वही आपोआप येते, हा भाबडेपणा वीज मंडळांच्या कारभारानेच फार पूर्वी उतरवायला हवा होता.

पैसा नव्हता असेही नाही. ग्रामीण दूरसंचारासाठी कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के हिस्सा २००२ पासून वसूल होत आला आहे. तो अखेर ग्राहकाच्याच खिशातून जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या कोशाला 'डिजिटल भारत निधी' असे भारदस्त नाव दिले. परंतु ही रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेने मंजूर करील तेवढीच खेड्याच्या वाट्याला येते. कित्येक वर्षी वसुली मोठी आणि वाटप तोकडे, असेच घडले.

दुसरीकडे, जी सेवा सरकार पोहोचवू शकले नाही तीच त्याने गरिबावर सक्तीची केली. रेशन घ्यायचे तर यंत्रावर अंगठा उमटला पाहिजे, आणि तो पडताळायला रेंज पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी अनिवार्य करण्यात आली. छायाचित्र चढले नाही म्हणून मजुरी बुडाल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या आणि मजुरांना दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घकाळ धरणे धरावे लागले. रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात देशाला दिली, तिथल्या कार्यकर्त्यांना यातली विसंगती समजावून सांगण्याची गरज नाही. खड्डा खणला होता, घाम गाळला होता. पुरावा तेवढा ढगात अडकला होता.

मोबाइल स्वस्त झाला आहे, मग तारेचा आग्रह कशाला, असा प्रश्न विचारला जातो. मनोरा उभा राहतो तो गिऱ्हाईक दाट असेल तिथे; सातपुड्यातल्या विखुरलेल्या पाड्यांचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या वहीत जमत नाही. शिवाय स्वस्ताई ही स्पर्धेची देणगी होती. २०१६ नंतरच्या दरयुद्धात अनेक कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, आणि मैदानात तीन मोठ्या खाजगी कंपन्या व बीएसएनएल एवढेच उरले. जुलै २०२४ मध्ये या तिन्ही खाजगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. नियामक प्राधिकरणाने मोबाइलचे दर ठरवण्याचे काम कंपन्यांवरच सोपवलेले असल्याने त्याला हस्तक्षेपाचे कारण वाटले नाही.

याच प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणारी फेसबुकची योजना वेगळ्या दरांवर बंदी घालून अडवली होती. गरिबाला अर्धेमुर्धे इंटरनेट देण्याचा तो डाव शहरी सुशिक्षितांनी लाखोंच्या संख्येने हरकती पाठवून हाणून पाडला. पंचायतीतल्या बंद यंत्रासाठी मात्र कोणी हरकत नोंदवत नाही. ते काम पक्षाच्या शाखांचे आहे. तार किती किलोमीटर टाकली हे नव्हे, तर महिन्यात किती तास चालू होती, याची नोंद ग्रामसभेने मागावी. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचेही धान्य अडवू नये, असा केंद्राचाच ऑक्टोबर २०१७ चा आदेश आहे. त्याची प्रत प्रत्येक रेशन दुकानात लावून घ्यावी, आणि रेंज नसेल त्या दिवशी कागदावरची हजेरी ग्राह्य धरण्याचा नियम तहसीलदाराकडून लेखी मागावा.