सरोजिनी नगरपासून हाकेच्या अंतरावर

दिल्लीला गेलेले मराठी कुटुंब सरोजिनी नगरच्या बाजारात डोकावले नाही, असे क्वचितच घडते. कपड्यांच्या पिशव्या भरल्या की मंडळी मुक्कामी परततात. पण तिथून तीन-चार किलोमीटरवर सातशे वर्षांपूर्वीचा एक तलाव आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसते. त्याचे नाव हौज खास, म्हणजे शाही तलाव.

१२९६ मध्ये रामदेवराव यादवांच्या देवगिरीवर चालून आलेल्या अल्लाउद्दीन खिलजीनेच हा तलाव खोदवला. सिरी या त्याच्या नव्या राजधानीला पाणी हवे होते. पुढे देखभाल थांबली, गाळ साचला आणि तळ कोरडा पडला. लोक त्यात शेती करू लागले, विहिरी खणून पाणी विकू लागले. फिरोजशाह तुघलकाने (१३५१-८८) गाळ उपसून तलाव पुन्हा भरता केला आणि काठावर मदरसा बांधला. मागून एकमजली वाटणारी ही इमारत तलावाकडून पाहिली की दुमजली दिसते. खालच्या लहान खोल्यांत विद्यार्थी राहत. दोन्ही बाजूंच्या इमारती जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात घुमटाखाली खुद्द फिरोजशाहची कबर आहे. तिच्या दारासमोरचा दगडी कठडा मुलांना जरूर दाखवा. तो पाहून सांचीच्या स्तूपाची आठवण होते.

विसाव्या शतकात शहर वाढले, पावसाचे पाणी तलावात येण्याच्या वाटा बुजल्या आणि तलाव पुन्हा आटला. या शतकाच्या सुरुवातीला वसंत कुंजच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी सोडून तो नव्याने भरण्यात आला. म्हणूनच पाणी हिरवट दिसले, तरी नाक मुरडू नका. राजाने बांधलेला तलावसुद्धा प्रत्येक पिढीने निगा राखली तरच टिकतो. आपल्या गावच्या तळ्याचेही तसेच आहे.

जाताना एवढे लक्षात ठेवा: मेट्रोने गेल्यास हौज खास नव्हे, तर ग्रीन पार्क स्थानक जवळ पडते. सकाळी लवकर जावे, तेव्हा गर्दी कमी असते. पायऱ्या उंच व झिजलेल्या आहेत, त्यामुळे वयस्कर मंडळींना हात द्यावा. सुट्टीच्या दिवशी आधी तलाव पाहावा, मग बाजार गाठावा. पिशव्या सांभाळत पायऱ्या उतरण्याची पाळी येणार नाही.