विश्लेषण : लेझर बनवण्याचा, जमवण्याचा छंद… पण ‘५ मिलिवॉट’च्या लेबलवर विश्वास का ठेवू नये?

गणेशोत्सव जवळ आला की प्रखर लेझर झोतांवर मनाई आदेश निघू लागतात. कोल्हापुरात २०२२ च्या आणि पुण्यात २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर डोळ्यांना इजा झालेले रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे आल्याच्या बातम्या होत्या. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकांतील अशा झोतांना मनाई केली. मात्र या झोतांमध्ये ज्या प्रकारचे डायोड असतात, तसेच डायोड जगभरातील हौशी मंडळींच्या घरातल्या टेबलावरही असतात. जुन्या यंत्रांतून लेझर काढणे, दुरुस्त करणे, स्वतः बनवणे आणि जमवणे हा साठ वर्षांचा छंद आहे. मिरवणुकांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध वरवर दिसत नाही. पण लेझरवर लिहिलेले आकडे पुष्कळदा खोटे असतात, हे या मंडळींना फार आधी कळले होते आणि मिरवणुकांची चर्चा नेमकी तिथेच अडते.

छंदाची सुरुवात कशी झाली?

थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातील ह्यूज प्रयोगशाळेत १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत हेलियम आणि निऑन वायूंच्या मिश्रणावर चालणारा लेझर तयार झाला. सर्वसामान्यांपर्यंत तो लवकरच पोहोचला. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात १९६४ मध्ये घरी हेलियम-निऑन लेझर बनवण्याची माहिती छापून आली. १९७४ मध्ये त्याच सदरात नायट्रोजन लेझर आला. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असल्याने या लेझरची साधी रचना नुसत्या हवेवरही चालते, आरसेही लागत नाहीत. आजही अनेकांचा पहिला लेझर हाच असतो. त्याचा किरण मात्र अतिनील, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो आणि त्यासाठी लागणारा उच्च दाबाचा विद्युतप्रवाह जीव घेऊ शकतो. ‘सोपा लेझर’ हे नाव फसवे आहे ते त्यामुळे.

आपल्याकडेही या शास्त्राची सुरुवात उशिरा झाली नाही. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात (आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र) साठच्या दशकाच्या मध्यातच अर्धवाहक लेझर तयार झाला होता. घराघरांत तो हौस म्हणून आला नाही, कारण सुटे भाग मिळत नव्हते. आता एका क्लिकवर ते घरी येतात.

जमवतात म्हणजे नेमके काय?

संग्राहकांचा जीव जडतो तो जुन्या काचेच्या नळ्यांवर. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला, तो हेलियम-निऑन लेझरने. सुरुवातीच्या लेझरडिस्क प्लेअरमध्येही याच नळ्या होत्या. पुढे त्यांची जागा इवल्याशा डायोडने घेतली आणि नळ्या भंगारात गेल्या. तिथून संग्राहकांनी त्या उचलल्या. ६३२.८ नॅनोमीटरचा हा शांत लाल किरण आजच्या कित्येक स्वस्त डायोडपेक्षा सुबक आणि सरळ असतो. होलोग्राम बनवणाऱ्या हौशींना तो अजूनही हवाहवासा वाटतो. रुग्णालये आणि छापखान्यांतून निवृत्त झालेले आर्गॉन लेझर हा दुसरा खजिना. पण त्यातील काही नळ्यांत बेरिलियम ऑक्साइड असते. नळी फुटून त्याची धूळ फुप्फुसात गेली तर आयुष्यभराचा आजार लागू शकतो. म्हणून जाणकार संग्राहक अशी नळी कधी उघडत नाहीत आणि नवख्यालाही उघडू देत नाहीत.

बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना यंत्रापेक्षा डायोडचे वेड. डीव्हीडी रायटरमधून लाल डायोड निघू लागला, ब्लू-रे आल्यावर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा मिळाला. मोठी उडी २०१० च्या सुमारास आली. कॅसिओच्या नव्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याऐवजी शक्तिशाली निळे डायोड होते, प्रत्येकी साधारण एक वॉटचे. हौशींनी चांगले प्रोजेक्टर केवळ ते डायोड काढण्यासाठी विकत घेतले आणि फोडले. त्याच वर्षी हाँगकाँगच्या ‘विकेड लेझर्स’ने असाच एक वॉटचा निळा हातातला लेझर सुमारे २०० डॉलरला विकायला काढला. तो ‘स्टार वॉर्स’मधील प्रकाशतलवारीसारखा दिसतो म्हणून लुकासफिल्मने कंपनीला कायदेशीर पत्र धाडले. पुढे ते प्रकरण मिटले, पण त्या वादाने कंपनीची जगभर फुकट जाहिरात केली. खरी चिंता वेगळीच होती. प्रयोगशाळेत कुलुपाआड राहणारी ताकद आता खिशात मावत होती.

एक मिलिवॉट, पाच मिलिवॉट… डोळ्याला फरक काय पडतो?

साधा एलईडी बल्ब नऊ वॉटचा असतो, मग वॉटच्या हजाराव्या भागाला का घाबरायचे? कारण बल्बचा प्रकाश चहूकडे पसरतो, लेझरचा पसरत नाही. डोळ्यातले भिंग तो दृष्टिपटलावर केसापेक्षाही बारीक ठिपक्यात गोळा करते. अंधारात पूर्ण उघडलेली बाहुली सात मिलीमीटरची आणि ठिपका वीस मायक्रॉनचा धरला, तर प्रकाशाची तीव्रता लाखपटीहून अधिक वाढते. थेट सूर्याकडे पाहिले तरी दृष्टिपटलावरचे त्याचे प्रतिबिंब ०.१६ मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे या ठिपक्याच्या कैकपट रुंद असते.

या हिशेबावरच वर्गवारी बेतलेली आहे. दृश्य प्रकाशाच्या लेझरसाठी वर्ग २ मध्ये एक मिलिवॉटपर्यंत, ३ आर मध्ये पाचपर्यंत, ३ बी मध्ये पाचशेपर्यंत आणि त्यावर वर्ग ४. एक मिलिवॉटची मर्यादा माणसाच्या पापणीवर अवलंबून आहे. प्रखर प्रकाश पडला की पाव सेकंदात आपण डोळे मिटतो किंवा मान वळवतो, तेवढ्यात इजा होत नाही. पाचशे मिलिवॉटच्या किरणाला पाव सेकंद फार होतो. वर्ग ४ मध्ये तर किरण डोळ्यात जाण्याचीही गरज नाही. भिंतीवर जवळून पडलेला ठिपका पाहणेही घातक ठरू शकते.

लेबल खोटे असते, हे कशावरून?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने (निस्ट) १२२ लेझर पॉइंटर तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. हिरव्या पॉइंटरपैकी जवळपास ९० टक्के आणि लाल पॉइंटरपैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षा नियमांत बसत नव्हते. हौशी मंडळींना याचे आश्चर्य वाटले नसावे. शक्ती मोजणारे मीटर त्यांच्याकडे आधीपासून होते आणि पाच मिलिवॉट लिहिलेल्या पेनमधून तीस-चाळीस निघतात, हे ते एकमेकांना सांगत होते.

हिरव्या पॉइंटरमध्येच इतकी गडबड का, हे समजून घेण्यासारखे आहे. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा डायोड नसतोच. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो. त्याचा प्रकाश एका स्फटिकात १०६४ नॅनोमीटरचा होतो आणि दुसऱ्या स्फटिकात निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा. उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला शेवटी एक छोटी गाळणी लागते. उत्पादक पैसे वाचवण्यासाठी नेमकी तीच गाळतो. निस्टने २०१० मध्ये असा एक पॉइंटर तपासला होता. त्याचा हिरवा प्रकाश मंद होता, पण सोबत जवळपास वीस मिलिवॉट अवरक्त किरण बाहेर पडत होते. अवरक्त प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. मुलाने ‘हा कमी पॉवरचा आहे’ म्हणून तोच हातात ठेवला तर?

मग हौशी मंडळी सुरक्षित कशी राहतात?

सगळेच राहत नाहीत. फुगे फोडणे, काड्या पेटवणे, फळ्यावर जाळून नाव कोरणे, असे व्हिडीओ लोकप्रिय होतात आणि त्यात चष्मा क्वचितच दिसतो. तरीही या छंदातील अनुभवी वर्तुळात एक शिस्त आहे. नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘चष्मा कोणता घेतला?’ हा. उत्तर ‘काळा’ असे आले तर त्याची धडगत नाही. लेझरचा चष्मा रंगावर नव्हे, तरंगलांबीवर निवडायचा असतो. त्यावर ‘ओडी’ म्हणजे प्रकाश-घनता लिहिलेली असते. तिचा प्रत्येक आकडा प्रकाश दहापट कमी करतो. ओडी ४ म्हणजे दहा हजारातील एक भाग आत. निळ्यासाठीचा नारिंगी चष्मा लाल लेझरपुढे कुचकामी असतो. लेझर कोरीवकामाच्या छोट्या यंत्रांसोबत मिळणारे प्लास्टिकचे चष्मे अनुभवी लोक सरळ बाजूला ठेवतात.

घरबसल्या किचेन, स्मृतिचिन्हे, नावाच्या पाट्या कोरून देणारे छोटे उद्योग आता आपल्या तालुक्यांच्या गावीही दिसतात. त्यांच्याकडील यंत्र हा बहुतेकदा उघडा वर्ग ४ लेझरच असतो. पीव्हीसी कापले तर त्यातून विषारी, गंज आणणारी आम्लवायूची वाफ निघते. हे यंत्र विकणारा सांगत नाही, छंदी माणूस सांगतो.

विमानांचे काय?

छंदाची सर्वाधिक बदनामी झाली ती इथे. अमेरिकेत विमानांवर लेझर रोखल्याच्या २०१० मध्ये २,८३६ तक्रारी होत्या. २०२३ मध्ये त्या १३,३०४ झाल्या आणि २०२४ मध्ये १२,८४०. उतरण्याच्या क्षणी किरण काचेवर पसरला की सारी कॉकपिट उजळते आणि वैमानिकाला पुढची धावपट्टी दिसेनाशी होते. अमेरिकेत यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्यातही तेवढीच. त्यात रेल्वे, बस अशी वाहनेही येतात आणि हेतू सिद्ध करण्याची अट नाही. हे दोन्ही कायदे कृत्याला शिक्षा देतात, वस्तूला नाही.

ऑस्ट्रेलियाने दुसरा मार्ग धरला. सिडनीत २००८ मध्ये अनेक विमानांवर एकाच रात्री लेझर रोखले गेल्यावर एक मिलिवॉटहून अधिक शक्तीच्या पॉइंटरच्या आयातीवर बंधने आली. न्यू साउथ वेल्समध्ये तो प्रतिबंधित शस्त्रांत गेला. परिणाम? पुढे ‘एक मिलिवॉट’ म्हणून विकले जाणारे पॉइंटर तपासले गेले तेव्हा त्यातील बहुसंख्य मर्यादा ओलांडणारे निघाले. बंदीमुळे खरे आकडे लिहिणारा विक्रेता बाजारातून गेला, खोटे लिहिणारा राहिला. ३० मिलिवॉट असे स्पष्ट छापलेले यंत्र माणूस निदान जपून हाताळतो.

महाराष्ट्रात प्रश्न कुठे अडतो?

मनाई आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश साधारणपणे दोन महिनेच टिकतो. म्हणजे दर उत्सवाला नवा कागद. ते यंत्र कोणी आयात केले, त्यावर वर्ग काय लिहिला होता, भाड्याने देणाऱ्याने शक्ती मोजली होती का, हे प्रश्न मिरवणूक संपताच विरतात. अमेरिकेत लेझर शोसाठी विशेष परवानगी लागते आणि झोत प्रेक्षक उभे असलेल्या जमिनीपासून किमान तीन मीटर उंच ठेवावा लागतो. आपल्याकडे ट्रकवरच्या यंत्राचा झोत नेमका चेहऱ्याच्या उंचीवर फिरतो. फिरता झोत एका डोळ्यावर क्षणभरच थांबतो, हा त्याचा बचाव; पण आतला आरसा अडकला किंवा नक्षी एका जागी स्थिरावली की तो बचावही संपतो. याच झोताने मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जळतो, हे व्हिडीओ काढणाऱ्या अनेकांनी अनुभवले असेल.

सरसकट बंदीची मागणी झाली तर पहिला फटका बसेल तो वांगणीच्या माळावर हिरव्या किरणाने ध्रुवतारा दाखवणाऱ्या आकाशदर्शकांना. त्यांच्याकडे शिस्त आहे, दुकानदाराकडे नाही. त्यामुळे नियमनाची जागा विक्रीच्या टेबलावर आहे : आयातीच्या वेळी शक्तीची तपासणी, यंत्रावर खरा वर्ग आणि तरंगलांबी, भाड्याने देणाऱ्यांची नोंदणी. त्यासाठी लागणारे मीटर काही दुर्मीळ नाही. छंदी पोरे ते स्वतःच्या खिशातून घेतात.

किरण डोळ्यात गेलाच तर?

दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. नजरेच्या मध्यभागी डाग दिसणे, सरळ रेषा वाकडी वाटणे, वाचताना अक्षरे तुटणे ही पीतबिंदूला इजा झाल्याची लक्षणे असू शकतात. एक डोळा झाकून दुसऱ्याने चौकटीच्या वहीचे पान पाहिले तर फरक लवकर लक्षात येतो. डोळे चोळू नयेत, मनाने थेंब घालू नयेत. त्याच दिवशी दृष्टिपटलतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून तपासणी आणि ‘ओसीटी’ स्कॅन करून घ्यावे. शक्य असेल तर ते यंत्र किंवा त्यावरील लेबलचा फोटो सोबत न्यावा. तरंगलांबी कळली तर डॉक्टरांना मदत होते, आकडा खोटा असला तरी रंग खोटा नसतो.