अ‍ॅपचा शेवटचा हप्ता देण्याआधी कीबोर्ड उघडून बघा

आपल्या भांडुपमधला पत्ता कधी नीट वाचलाय? सगळीकडे ‘बी विंग, फ्लॅट ७०२’ असा आटोपशीर मामला नसतो. टेंभीपाडा, हनुमान टेकडी, खिंडीपाडा या बाजूला चाळीचं नाव, रूम नंबर, कुठल्या दुकानासमोरून आत वळायचं, किती पायऱ्या चढायच्या, आणि मग ४०००७८. तीन-चार ओळी सहज होतात. आता हा पत्ता एखाद्या ताईंना तुमच्या मसाल्याच्या किंवा फराळाच्या अ‍ॅपमध्ये टाकायचाय. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं, कीबोर्ड वर आला आणि रकानाच त्याच्याखाली गेला! काय टाइप होतंय तेच दिसत नाही.

ताई तुम्हाला फोन करून तक्रार करणार नाहीत. अ‍ॅप बंद करतील, विषय संपला. नाहीतर अंदाजाने अर्धवट पत्ता टाकतील आणि तुमचा डिलिव्हरीचा पोरगा भर उन्हात टेकडीवर उभा राहून फोन लावत बसेल. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर माल परत आणि रिक्षाचं भाडं तुमच्या खिशातून.

म्हणून माझं मत ठाम आहे: लोगोचा रंग कुठला, यावर आठवडाभर चर्चा करू नका, आधी हे तपासा.

डेव्हलपर म्हणेल, “माझ्याकडे बरोबर दिसतंय.” खोटं नाही बोलत तो. तो बऱ्याचदा कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर तपासतो आणि कॉम्प्युटरच्याच कीबोर्डने टाइप करतो. मग स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडणार कुठून? तुमच्या गिऱ्हाइकाकडे मात्र छोटा फोन, मोठा केलेला फॉन्ट आणि मराठी कीबोर्ड. त्यात वर शब्द सुचवणारी पट्टी. उरते किती जागा?

बरं, एकदा नीट चाललं म्हणजे कायमचं चाललं असंही नाही. २०२२ च्या अखेरीस आलेल्या क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवर कीबोर्ड उघडला तरी वेबपानाची मूळ उंची कमी होत नाही, त्यामुळे तळाशी चिकटवलेलं बटण कीबोर्डमागे जातं. अँड्रॉइड १५ साठी बनवलेलं अ‍ॅप आपोआप स्क्रीनच्या कडेपर्यंत पसरतं, आणि कीबोर्डसाठी जागा सोडायचं काम डेव्हलपरला स्वतः करावं लागतं. यावर उपाय आहेत, तुमच्या डेव्हलपरला ते ठाऊक असायला हवेत. तुम्ही कोड शिकायची गरज नाही. फक्त करारात लिहून घ्या: कीबोर्ड उघडा असताना पत्त्याची चौथी ओळ टाइप करताना दिसली पाहिजे आणि तिथूनच सरकून ‘ऑर्डर करा’ बटणापर्यंत जाता आलं पाहिजे. प्रत्येक अपडेटनंतर हेच पुन्हा तपासायचं.

आणि हे जमत नसेल तर सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्या. तिथे लिहायचा रकाना कीबोर्डच्या डोक्यावरच बसलेला असतो, सगळ्यांना सवय आहे. अ‍ॅप नाही म्हणून कुणी तुमचा मसाला कमी तिखट म्हणणार नाही.

अ‍ॅप आधीच असेल तर आज रात्री घरातला सगळ्यात स्वस्त फोन घ्या, आईच्या नाहीतर सासूबाईंच्या हातात द्या आणि म्हणा, “आपला पूर्ण पत्ता मराठीत टाका.” शेजारी बसा, पण मध्ये बोलू नका. कुठे अडल्या ते कागदावर लिहा आणि उद्या सकाळी डेव्हलपरला पाठवा.