मराठीनं काय घोडं मारलंय?



बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. प्रकृती ठणठणीत आहे, काळजी नसावी. आजारी होता तो आमचा संगणक. आणि त्याच्या आजाराचं जे निदान आमच्या गावातल्या एका दुकानात झालं, त्यानं माझं डोकं असं फिरलं की हे लिहिल्याशिवाय जेवण गोड लागणार नाही.

तर झालं असं. 'शिराळा जुने' नावाचं माझं एक फोल्डर आहे. त्यात चौदा पोटफोल्डरं. गोरक्षनाथाची यात्रा, समर्थांचा मारुती, मोरणेचा पूर, शाळेची स्नेहसंमेलनं, आणि सगळ्यात मोठं 'नागपंचमी'. इतकी वर्षं मी साठवलेले फोटो नि व्हिडिओ सगळे त्यात. गेल्या महिन्यापासून ते 'नागपंचमी' उघडलं, की दोन-चार सेकंद चित्रं दिसू लागायची आणि मग खिडकी गडप! नुसती खिडकी नव्हे. खालची पट्टी, पडद्यावरची चिन्हं, सगळंच जायचं. क्षणभर नुसता निळा पडदा, आणि मग एकेक चिन्ह परत हजर. पुन्हा उघडा, पुन्हा तेच. आठ दिवस मी हा खेळ खेळलो.

शेवटी मशीन उचलून दुकानात नेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. मुलगा ओळखीतलाच, वागायला नम्र. त्यानं फोल्डर उघडून पाहिलं, खिडकी गेली. पुन्हा उघडलं, पुन्हा गेली. मग त्याची नजर नावांवर पडली आणि चेहरा एकदम उजळला. म्हणाला, "सर, ही सगळी नावं मराठीत दिलीयसा न्हवं, त्यानंच हुतंय हे. सिस्टीमला मराठी झेपत न्हाई. इंग्लिशमधी नावं द्यायची असत्यात."

मी छत्तीस वर्षं मराठी शिकवली. मला झेपेना, ते सिस्टीमला काय झेपणार!

तरी म्हटलं, जाणकार आहे, ऐकावं. त्यानं माझ्यादेखत चौदाच्या चौदा फोल्डरांची नावं बदलली. 'नागपंचमी'चं रोमन लिपीत काहीतरी झालं, 'समर्थांचा मारुती'चं नुसतं 'मारुती १'. (मारुती २ कुठला, कोण जाणे.) मग उघडून पाहिलं. खिडकी गेली!

आता मला सांगा, औषध दिलं आणि ताप तसाच राहिला, तर वैद्यानं निदान बदलावं की नाही? इथं निदान तसंच ठेवून औषधाचा डोस वाढला. "सर, मराठीनं ते करप्ट झालंय बघा. आता फॉरमॅटच मारायला लागतंय." आणि फोल्डरचं काय? "बाकीचा डेटा काढून ठेवतो. हे एक सोडून द्या, उघडतच न्हाई तर कॉपी कसं करायचं?"

सोडून द्या म्हणे!

मी मशीन तसंच उचललं आणि रिक्षात घालून घरी आणलं. रात्री पुण्याहून जावयांचा फोन. "बाबा, विंडोज १० चा सपोर्टच संपलाय आता, नवीनच घ्या." संपला हे खरं आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला. सुरक्षेचे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत, तेव्हा आज ना उद्या बदलावं लागेल, हेही मान्य. पण अपडेट थांबल्यामुळे एकच फोल्डर तेवढं कसं पडेल? शेजारची तेरा छान उघडतात! या प्रश्नाला जावईबापूंनी "बघू" असं उत्तर दिलं. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला, एक दोनशे पानी वही काढली आणि बसलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की संगणक मेलेला नसतो. फायली दाखवणारी ती खिडकी, खालची पट्टी आणि पडद्यावरची चिन्हं ही तिन्ही कामं 'एक्सप्लोरर' नावाचा एकच प्रोग्रॅम करतो. १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हापासूनची ही व्यवस्था. त्याआधीच्या विंडोज ३ मध्ये 'फाईल मॅनेजर' हा वेगळा प्रोग्रॅम होता. तो पडला तर तो एकटा पडायचा. (तो म्हातारा अजून चालतो बरं का. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला.) आता एक पडला की तिघे पडतात, आणि आपल्याला वाटतं घरच कोसळलं. चिन्हं आपोआप परत आली नाहीत, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं. टास्क मॅनेजर येतो. त्यातल्या 'रन न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर असं टाईप केलं, की सगळं परत. याला दुकान लागत नाही.

दुसरी गोष्ट. संगणक स्वतःच्या दुखण्याची डायरी ठेवतो! स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' एवढा शब्द टाईप केला की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं येतं. उघडल्यावर दिनदर्शिकेसारखा तक्ता दिसतो. ज्या दिवशी काही पडलं, त्या दिवशी लाल फुली. फुलीवर जाऊन तपशील उघडला की पडलेल्या प्रोग्रॅमचं नाव असतं, आणि त्याखाली 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे ज्याच्या हातून पडलं त्याचं नाव. अकरा फुल्या होत्या. अकराही ठिकाणी मी नाव वहीत उतरवलं. अकराही ठिकाणी एकच नाव! आणि ते विंडोजचं नव्हतंच. लग्नाच्या सीडी चालाव्यात म्हणून फार वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्याकडे एक 'कोडेक पॅक' घातला होता, आणि मशीन बदलली तरी तो सोवळ्यातल्या देवासारखा प्रत्येक नव्या मशीनवर बसवला जात होता. त्यातला तो तुकडा.

एक्सप्लोरर फोल्डर उघडतो तेव्हा प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र काढायला बघतो, आणि त्यासाठी अशा बाहेरच्या तुकड्याला आपल्या घरात घेतो. पाहुणा अडखळून पडला की यजमानालाही घेऊन पडतो. म्हणून पहिला उपाय अगदी साधा. फोल्डर ऑप्शन्समधल्या 'व्ह्यू'त जाऊन 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' याच्यावर खूण करायची. केली. फोल्डर उघडलं आणि उघडंच राहिलं! आणि कॉपीचं म्हणाल, तर ती आतून करावी लागतच नाही. बाहेरूनच अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवता येतं, कारण न उघडलेल्या फोल्डरातली चित्रं कुणी काढायला जात नाही. "उघडत न्हाई तर कॉपी कसं करायचं" याचं उत्तर हे. मी आधी दोन ठिकाणी प्रती ठेवल्या, मगच पुढं गेलो.

आता मुख्य खटला. आरोपी मराठी.

एक नवीन फोल्डर केलं. त्याला मुद्दाम लांबलचक, जोडाक्षरांनी ठासून भरलेलं मराठी नाव दिलं. आत वीस फोटो, प्रत्येकाचं नाव मराठीत. चित्रं पुन्हा चालू केली. उघडलं. काही झालं नाही. मग रोमन नावाचं फोल्डर केलं आणि 'नागपंचमी'तले ३८ व्हिडिओ त्यात ठेवले. पडलं! मग त्यातले निम्मे काढले. १९ ठेवले, पडलं. त्यातले १० ठेवले, नाही पडलं. म्हणजे दुसऱ्या नऊंत आहे. असं निम्मं-निम्मं करत दुपारच्या जेवणाआधी मी एका फाईलवर येऊन ठेपलो.

तिचं नाव काय होतं माहीत आहे? 'एमव्हीआय ०४७२'. कॅमेऱ्यानं स्वतः दिलेलं, शुद्ध रोमन लिपीतलं! सगळ्या फोल्डरात ज्या दोन-तीन फायलींना मराठी नाव द्यायचं राहून गेलं होतं, त्यातलीच ही एक. तिला मराठी नाव देऊन पाहिलं, तरी पडलं. तो कोडेक पॅक कंट्रोल पॅनेलमधून काढून टाकला, तेव्हा दोन्ही नावांनी पडायचं थांबलं. म्हणजे नावाचा संबंध शून्य. बिघडलेली फाईल अधिक जुनाट पाहुणा, एवढीच ती भानगड.

मग मराठीनं काय घोडं मारलंय?

हा समज कुठून आला तेही मला ठाऊक आहे, कारण त्या काळातून मीही गेलोय. एकेकाळी आपण शिवाजी किंवा श्री-लिपीच्या फाँटात टाईप करायचो. ती अक्षरं दिसायला मराठी, पण आत साठवलेली रोमनच्याच खणात. ज्या मशीनवर तो फाँट नाही तिथं आपल्या पत्राची भजी व्हायची. शाळेच्या निकालपत्रकाची झालेली मी पाहिली आहे. पण देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतःचे खण १९९१ मध्येच मिळाले. १९९३ च्या विंडोज एनटीपासून त्या घराण्याच्या विंडोजमध्ये फायलींची नावं आतून युनिकोडमध्येच ठेवली जातात, आणि आजचं विंडोज त्याच घराण्यातलं. संगणकाच्या लेखी 'न' आणि 'एन' या दोन्ही नुसत्या संख्या. त्याला ना इंग्रजीचं कौतुक, ना मराठीचा विटाळ. तो विटाळ माणसांच्या डोक्यात.

भाचा आयटीत आहे. तो म्हणाला, "मामा, काही जुने प्रोग्रॅम मराठी नावांना अडखळतात, हे खरंय." आहे खरं. युनिकोड न समजणारे प्रोग्रॅम मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दाखवतात, जुन्या पद्धतीच्या झिप फायलीतून नावं बिघडून येतात. दुसरीही एक अडचण त्यानं सांगितली, ती मला मास्तर म्हणून फार आवडली. फाईलच्या नावाला २५५ खणांची मर्यादा, आणि डिस्कपासून फाईलपर्यंतच्या सगळ्या वाटेला बऱ्याच प्रोग्रॅमांत २६० ची. आपल्याला 'श्री' हे एक अक्षर दिसतं, पण संगणक श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार खण मोजतो. म्हणजे मराठी नाव दिसतं त्याहून लांब असतं. ठीक आहे, मी नावं आखूड करीन. पण नाव लांब झालं तर इंग्रजीही तिथंच अडते! त्याला भाषेचा दोष म्हणायचं असेल, तर पायजमा आखूड शिवला म्हणून पायाला दोष देण्यातला प्रकार.

माझा राग त्या मुलावर नाही. त्याला कुणी असंच सांगितलं असेल, त्याला आणखी कुणी. राग आहे तो या सवयीवर, की काही बिघडलं आणि समोर मराठी दिसली की चौकशी बंद. आणि 'फॉरमॅट' या एका काढ्यावरही. डोकं दुखतंय, फॉरमॅट. पाय दुखतोय, फॉरमॅट. अकरा वेळा संगणकानं आरोपीचं नाव लिहून ठेवलं होतं, ते वाचायला पाच मिनिटं लागली असती.

आणि मंडळी, तुम्हीही सुटत नाही. मराठीवर इतकं लिहिणारे आपण, फाईल साठवताना नाव काय देतो? 'न्यू फायनल २'! मागच्या दिवाळीला ज्यांनी मला मातृभाषेवरचे लेख पाठवले, त्यातल्या एकाच्याही फाईलचं नाव मराठीत नव्हतं. विचारलं तर म्हणतात, "उगाच रिस्क कशाला?" कसली रिस्क? मी सगळं तपासून पाहिलंय, वही माझ्याकडे आहे. दाखवतो.

आता त्या फाईलबद्दल. ती २००६ च्या नागपंचमीची. तेव्हा जिवंत नाग दारोदारी येत. १९७२ चा वन्यजीव कायदा होताच, पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ते बंद झालं. त्या प्रथेबद्दल आमच्या घरातच दोन मतं आहेत, त्यात आज शिरत नाही. चित्रण करताना कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. अशा फाईलची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते, ती लिहायची राहून गेली. पुस्तक आहे, अनुक्रमणिका नाही. म्हणून तो तुकडा गोंधळत होता. व्हीएलसी नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती लावली, तर त्यानं विचारलं, अनुक्रमणिका बनवून घेऊ का? हो म्हटलं. अर्ध्या मिनिटात चित्र सुरू झालं.

दारात आई आहे. हातात पूजेचं ताट. ती जाऊन बारा वर्षं झाली, आणि तिचा आवाज असलेलं घरात दुसरं काही नाही. मी कॅमेरा धरून उभा, ती माझ्याकडं बघून म्हणते, "आरं ठेव ते आता खाली, नाग आलाय दारात." मग ती वळते, आणि तिथं बॅटरी संपते. दोन मिनिटं अकरा सेकंद.

दुकानात जे 'सोडून द्या' म्हणाले होते, ते हे.

चौदाही फोल्डरांची नावं मी काल पुन्हा मराठीत केली. 'एमव्हीआय ०४७२'चं नाव आता 'आई, नागपंचमी २००६' असं आहे. पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन दुकानात जाणार आहे. मुलगा चुणचुणीत आहे, समजून घेईल. घेतलं नाही तर ओणवा उभा करीन.