उपनगरातून : ओढा आपली वाट विसरत नाही



मृग सरला, आर्द्रा लागल्या. तुमच्याकडे पेरणीची धांदल असेल. अशा वेळी पत्र वाचा म्हणायला जीभ रेटत नाही, पण दुपारी बांधावर भाकरी सोडाल तेव्हा चार ओळी नजरेखालून घाला.

माझ्या गुडघ्याची चौकशी पुष्कळ भगिनींनी केली. बरा आहे. दोन जिने चढते, मधे एकदा टेकते. आमचे हे आता निवृत्त झाले, त्यामुळे सकाळचा दुसरा चहा वाढला. मुलगा मात्र पहाटेच डबा घेऊन लोकल गाठतो. बदलापूरहून मुंबईचे शेवटचे स्टेशन सुमारे ६८ किलोमीटर. त्याचा निम्मा जन्म गाडीच्या दांडीला लोंबकळण्यात जातो की काय, असे वाटते. थोरलीला गेल्या महिन्यात मुलगा झाला. बारशाला या, असे म्हटले असते. पण आमच्या दोन खोल्यांत तुम्ही मावायचे कुठे?

स्टेशनाबाहेर सध्या आमची खरी जत्रा असते. कर्जत-मुरबाडकडच्या आदिवासी बाया पहाटेच्या गाडीने येतात आणि रानभाजीच्या जुड्या मांडून बसतात. टाकळा, भारंगी, कुर्डू, कंटोळी. जांभळे पानांच्या द्रोणात. शेवळे घेतली की त्याबरोबर काकडे मागून घ्यायची, नाहीतर घसा असा खाजतो की विचारू नका. पहिल्या वर्षी मी माणदेशची बाई, मला काय ठाऊक? नुसतीच शेवळे शिजवली आणि घरादाराला रात्रभर ताक पाजत बसले. तेव्हापासून विकणारीला आधी विचारते, मग पैसे काढते.

विचारण्यावरून मुख्य गोष्टीकडे वळते.

पाऊस लागला की आमच्या तळमजल्यावरची शेजारीण रात्री दोनदा उठून पायरी बघते. कारण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या माण-आटपाडीकडे वर्षभरातही एवढा पडत नाही. त्या वेळी उल्हास नदीने बदलापुरात शिरून दाखवले. पुढे २०१९ साली २६ जुलैच्याच रात्री पुन्हा तेच. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजारावर माणसे, त्यांत आपल्या सातारा-कोल्हापूरकडची कितीतरी. दुसऱ्या दिवशी जवानांनी बोटीतून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. आजूबाजूचे गावकरीही मदतीला धावले. ती बातमी तुम्ही वाचली असेल.

आमच्या तळमजल्याची बातमी मात्र कुठे छापून आली नाही. शेजारीण दोन लेकरांना घेऊन आमच्या घरी वर आली, ती चार दिवस राहिली. खाली शिवणयंत्र, धान्याची पिंपे आणि लेकीच्या लग्नाचा सगळा बस्ता पाण्यात. पाणी ओसरल्यावर तिने चिखलातून एकेक साडी काढून गच्चीवर वाळत घातली. रंग एकमेकींत उतरले होते. ती रडली नाही, नुसती पिळत राहिली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा दारात आले. तेव्हा तिने आधीच सगळे माळ्यावर टाकले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला इथलेच जुने रहिवासी एक मामा राहतात. आमची इमारत उभी आहे ती जागा एके काळी त्यांचीच भातखाचरे होती. पुरानंतर एकदा ते भिंतीवरची पाण्याची रेघ बघत म्हणाले, “बाई, ओढा इथूनच नदीला जायचा. बरोबर तुमच्या जिन्याखालून.”

मी म्हटले, “मामा, मग जागा विकताना सांगितले का नाही?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कुणी विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर, सांगितले असते तर भाव उतरला असता.”

मला त्यांचा राग आला नाही. लेकीचे लग्न, भावाचे दुखणे, डोक्यावर कर्ज. त्यांची गरज मला ठाऊक आहे. पण ओढा बुजवणारा एक, पैसे घेणारा दुसरा आणि साड्या पिळणारी तिसरी, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आता घरची गोष्ट सांगते. मागच्या आठवड्यात गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. रानाच्या कडेचा ओढा जेसीबी लावून बुजवायचा, पाचेक गुंठे निघतात, डाळिंब लावायचे, असा बेत. ओढा काय, वर्षानुवर्षे कोरडा, नुसत्या बाभळी माजल्यात, असे त्याचे म्हणणे. त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला आमच्या विधवा चुलत वहिनीचे घर आहे. मी म्हटले, “आबा, वरून पाणी आले तर कुणाच्या दारात जाईल?” तो म्हणाला, “ताई, तू तिकडे इमारतीत राहून आम्हाला शेती शिकवू नकोस.” आणि फोन ठेवला.

भावाचा फोन असा तुटला की बाईच्या जिवाला काय होते, ते तुम्हा भगिनींना सांगायला नको. पण गप्प बसले नाही. यांनी जुनी पुस्तके काढून वाचून दाखवले, ते तुमच्याही कामाचे म्हणून लिहिते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या-नाले साधारणपणे सरकारच्या मालकीचे असतात. आपल्या रानाला लागून आहे म्हणून नाला आपला होत नाही. आणि कुणी नैसर्गिक वाहते पाणी अडवून दुसऱ्याच्या शेताचे नुकसान केले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मात्र जायला हवे.

पण भावकीत तहसील गाठायची वेळ येऊच नये. ते मी त्याला पत्रात लिहिले, आणि सोबत मामांचे बोलणे जसेच्या तसे लिहून धाडले. परवा भावजयीचा फोन आला. जेसीबी आला होता, तो विहिरीचा गाळ काढून परत गेला म्हणे. ओढ्याचे काय, हे तिने सांगितले नाही, मीही खोदून विचारले नाही. बेंदराला गावी जाणार आहे. पुरणपोळी खाऊन आबाला घेऊन ओढ्याच्या काठाने वहिनीच्या दारापर्यंत चालत जाईन. दोघे मिळून बघू.

तुमच्याही रानाकडेला असा एखादा कोरडा ओढा असेल. पाऊस जोर धरण्याआधी त्यातले काटेकुटे काढा, तोंड मोकळे करा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी पूर्वी कुठून जायचे. ती माणसे आहेत तोवरच विचारता येते.

पेरण्या साधोत. लेकराबाळांना आशीर्वाद. गुडघा साथ देईल तोवर भेटत राहू.